सूडाने पेटलेल्या नायिकेला निवड करू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-साताऱ्याच्या एकांकिका स्पर्धांत शाप, काळी जादू आणि सूडाने पेटलेली नायिका हे विषय आता वरचेवर येतात. यात वावगं काहीच नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं, ते पौराणिकच होतं. आमची तक्रार संहितेबद्दल आहे. नायिका सुरुवातीलाच शपथ घेते आणि शेवटी एखाद्या साधूच्या चार वाक्यांनी शांत होते. समोरचा माणूस नखशिखांत नीच असेल तर त्याला सोडून द्यावं असं तिला वाटेलच कशाला?

त्याच्या मायेचं एखादं माणूस तिला आधी भेटू द्या, नातं मागाहून कळू द्या. भागवताच्या पहिल्या स्कंधात पाच मुलांचा मारेकरी अश्वत्थामा बांधून पुढ्यात आणलेला असताना द्रौपदी म्हणते, सोडा त्याला, माझ्यासारखं त्याच्या आईला रडावं लागू नये. महाभारताच्या सौप्तिकपर्वात तीच द्रौपदी त्याच्या मरणासाठी अन्नपाणी सोडून बसते आणि त्याच्या मस्तकावरचा मणी हाती आल्यावरच उठते. या दोन्ही द्रौपदी एकाच नायिकेत शेवटपर्यंत भांडत राहायला हव्यात.

तिच्या शक्तीची किंमत ठरवा. समजा, दर वापराला एक आठवण जाते. तिसऱ्या वापरानंतर जिच्यासाठी हे सगळं चाललंय त्या बहिणीचं नावच तिला आठवेना, तर पुढचा घाव कोणासाठी, हे संवादाशिवाय कळतं. वापर तीनच ठेवा. सात-आठ झाले की नुसते चमत्कार उरतात. आणि तिच्या हातून एक तरी निरपराध जीव गेलेला असू द्या. त्याशिवाय प्रायश्चित्त कशाचं? तेही रडून भागत नाही. त्या जिवाच्या घरच्यांसमोर तिला उभं करा, त्यांनी माफी नाकारली तरी चालेल.

आता प्रकाशयोजना. सूड म्हटलं की सगळा रंगमंच लाल करतात. दिव्यापुढे लावलेल्या लाल जिलेटिनच्या (रंगीत पारदर्शक कागदाच्या) उजेडात हिरवं लुगडं काळं पडतं आणि कपाळावरचं कुंकू दिसेनासं होतं; मग ते पुसण्याचा क्षण पहिल्या रांगेलाही कळत नाही. लाल मागून द्या, चेहऱ्यावर साधा पिवळसर प्रकाश ठेवा. धूर सोडताना सभागृहाचे पंखे बंद करायला सांगा, नाहीतर तो प्रेक्षकांत जातो आणि खोकल्यात संवाद बुडतात.

आयोजकांनी निकालानंतर अर्धा तास परीक्षकांची संहितेवर चर्चा ठेवावी, ही विनंती.

आपले,
एकांकिका लिहिणारे व बसवणारे काही रंगकर्मी, सांगली