वाफलचा पदर

खाउडा, नेदरलँड्स, 9 नोव्हेंबर

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या शनिवारी घरातल्या मैत्रिणींना स्ट्रोपवाफल, आपले ते मध्ये पाक भरलेले पातळ वाफल, करून घालायचेत म्हणालीस आणि मला इतका आनंद झाला, की तसाच उठून माळ्यावरचा साचा काढला. उद्या पार्सल टाकतो. कृती फोनवर पाच मिनिटांत सांगून झाली असती, पण वाफल बिघडतो तो हातात. ते फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

साचा तोच आहे, 2015 च्या कोनिंग्सडाखला, राजाच्या वाढदिवशी, रस्त्यावर चादर पसरून बसलेल्या आजोबांकडून दहा युरोला घेतलेला. तुझ्या घरात कुणाकडे खोल चौकटींचा वाफल-मेकर असला तरी तो घेऊ नकोस. ह्याला उथळ रेघांचाच साचा लागतो, कारण वाफल पातळ हवा आणि तरीही त्याचे दोन भाग व्हायला हवेत.

पिठाला 500 ग्रॅम मैदा, 250 ग्रॅम बटर, 150 ग्रॅम फिकी तपकिरी बास्टर्डसाउकर (इथली ओलसर, बारीक साखर), एक अंडं, 7 ग्रॅम सुकं यीस्ट, पाव वाटीहून कमी म्हणजे 50 मिली कोमट दूध आणि चिमूटभर मीठ. बटर मऊ झालेलं असू दे. सगळं एकत्र मळून गोळा गुळगुळीत झाला, की ओल्या फडक्याखाली तासभर ठेवून दे. दुप्पट फुगेल म्हणून वाट बघत बसू नकोस. बटर इतकं आहे की पीठ जेमतेम वर येतं, तेवढं पुरतं. मग 50 ग्रॅमचे गोळे कर, वीस होतील.

आता पाक. इथे मी पहिल्यांदा फसलो होतो, तुला आठवणार नाही. दुकानात 'स्ट्रोप', म्हणजे सिरप, असं लिहिलेला डबा दिसला म्हणून उचलला, घरी येऊन शिजवला, तर सगळं आंबट. तो सफरचंदाचा आपलस्ट्रोप होता, पावाला लावायचा. आपल्याला हवा तो केउकनस्ट्रोप, साखरेपासून केलेला, काळपट आणि वाहता. डबा उघडून वास घेतलास तर आपली काकवीच वाटेल. 350 ग्रॅम स्ट्रोप, 200 ग्रॅम बास्टर्डसाउकर, 125 ग्रॅम बटर, एक चमचा दालचिनीची पूड. जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, ढवळत राहायचं.

आजी पाकात लिंबू पिळते ना, पाकाची साखर होऊ नये म्हणून? इथे लिंबाचं काम स्ट्रोप करतो. त्यातल्या साखरा अशा असतात की त्या दाणा धरू देत नाहीत. म्हणून साखर वाढवून स्ट्रोप कमी करायचा विचार मनात आणू नकोस, दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकच येईल.

पाक कधी झाला हे ओळखायला थर्मामीटर असेल तर 112 ते 115 अंश. नसेल तर तिळगुळाच्या वेळी बघतेस तसंच बघ. वाटीत गार पाणी घे, त्यात थेंब सोड, बोटांनी जमव. मऊ गोळी वळली की झाला. गोळी वाटीवर टणकन वाजली तर पुढे गेला. मग त्यात चमचाभर गरम पाणी घालून परत आण. पाक झाल्यावर गॅस अगदी बारीक करून गरमच ठेव, गार झालेला पसरत नाही. आणि बाई, चव बघायला बोट घालू नकोस. उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो, शिवाय चिकटून बसतो.

खरं काम ह्यानंतर आहे.

साचा तापला की मधोमध गोळा ठेव, झाकण दाबून धर. आपल्या साच्याला साधारण मिनिट-सव्वा मिनिट लागतं. वाफ निघायची कमी झाली की उघड. सोनेरी झालेला वाफल पाटावर घे आणि लगेच, म्हणजे पाच-सहा सेकंदांत, आडवा चिरायचा. गरम आहे तोवर त्यातली साखर मऊ असते. गार होताच ती कडक होते आणि सुरी लागली की वाफलचे तुकडे पडतात. माझे पहिले आठ-नऊ वाफल असेच गेले. बाजारातले बेकर तळहातावर वाफल घेऊन एका फटक्यात दोन करतात, ते बघून मला वाटायचं की सुरीच वेगळी असणार.

मला ते जमलं 2016 साली, आजी तीन महिने आली होती तेव्हा. ती शेजारी स्टुलावर बसून बघत होती. मी सुरी मधोमध धरून घुसवायला गेलो तर म्हणाली, "अरे, असं काय भोसकतोस? आधी पदर कुठे सुटलाय ते बघ." आणि तिनं तो गरम वाफल उचलला. तव्यावरची भाकरी हातानं उलटणारी बोटं ती, तिला काय चटका! कडेनं फिरवत, डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. एका जागी कड किंचित उकललेली होती, घडीच्या पोळीची उकलते तशी. तिथं तिनं नख लावलं, मला म्हणाली, "आता घाल इथून." सुरी लोण्यातून जावी तशी गेली.

तेव्हापासून मी मध्य शोधत नाही, पदर शोधतो. दोन्ही बाजू साच्याला चिकटून आधी शिजतात, आतलं पीठ मागे राहतं, त्यामुळे तिथं जागा सैल असते. तू सुती फडक्याची घडी वाफलवर ठेवून तळहातानं हलकं दाबून धर, आजीसारखं नागड्या बोटांनी करू नकोस. पातळ, लांब पात्याची सुरी आडवी ठेव आणि पुढे ढकलण्यापेक्षा वाफल फिरव. खालच्या अर्ध्यावर चमचाभर पाक, वरचा अर्धा ठेवून हलकेच दाब, पाक कडेपर्यंत आला की थांब. एकीला साच्यावर उभी कर, तू चीर, तिसरी पाक लावेल. एकटीनं करायचं हे काम नाही.

कडा गोल हव्या असतील तर वाटीनं काप. कातरण टाकू नका. आजीनं ती सगळी डब्यात भरून ठेवली होती, रोज चहाबरोबर खायची. मी तिला सांगितलं की हा पदार्थ आला तोच मुळी उरल्यासुरल्यातून, बेकरीतला चुरा आणि उरलेलं पीठ स्ट्रोपमध्ये गोड करून, गरिबांना परवडावा म्हणून. हे आपल्याच खाउडात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. खेरार्ट काम्पहाउझन ह्या बेकरचं नाव त्यासाठी घेतात, आणि सगळ्यात जुनी कृती 1840 ची सांगतात. तर ती म्हणाली, "म्हणजे शिळ्या पोळीचा लाडूच की." नंतर मी तिला मार्क्टवर, म्हणजे बाजारचौकात, नेलं, जुन्या स्टाडहाउसच्या, म्हणजे नगरभवनाच्या, बाजूला, आणि कातरणांच्या पिशव्या विकायला ठेवलेल्या दाखवल्या. केवढी खूश झाली होती! इथले म्हातारे लोक अजून सिरोपवाफल म्हणतात, तेही तिनं पाठ केलं होतं.

त्याच बाजारात आपल्या पहिल्या हिवाळ्यात आईनं तुला गरम वाफल घेऊन दिला होता. चार वर्षांची होतीस. लोकरीच्या हातमोज्याला पाक लागला, तू तो हातमोजा घरी येईपर्यंत चोखत होतीस. 'वाफल' हे नाव 'वाफ'वरून आलंय असं तू कितीतरी दिवस धरून चालली होतीस, कारण आई तो चहाच्या कपावर ठेवून वाफेनं मऊ करून द्यायची. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

उरले तर घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस चांगले राहतात. दुसऱ्या दिवशी आतला पाक घट्ट झालेला असेल, तेव्हा मऊ करायला कॉफीच्या कपावर दोन मिनिटं झाकण म्हणून ठेवा.

साच्याची उजवी बिजागरी ढिली आहे, झाकण दाबताना तिकडून फडक्यानं धर. तो पाण्याखाली धुवायचा नाही. कोमट असतानाच सुक्या ब्रशनं झाड, वरून तेलाचं बोट फिरव. आजीला फोटो पाठव, पण पाक लावण्याआधीचा, दोन अर्धे शेजारी ठेवलेला. तिला तेच बघायचं असेल.

तुझा,
बाबा