संघ निवडणाऱ्याला खरे कोण सांगेल?

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. गुडघा पावसाळ्यात थोडा कुरकुरतो, एवढेच.

हे पत्र तुलाच लिहितो आहे, कारण सरांच्या हाताखाली कबड्डीच्या सातांत येण्यासाठी धडपडलेल्या माणसालाच यातली अडचण कळेल. प्रबंधासाठी मी आमच्या मुलींकडून स्पर्धाचिंतेची प्रश्नावली भरून घेतली. रेनर मार्टेन्स यांनी ती 1977 मध्ये प्रसिद्ध केली. तीत 15 विधाने असतात आणि त्यांतली 5 गुणांत धरलीच जात नाहीत. रोख नेमका चिंतेवर आहे हे खेळाडूच्या चटकन ध्यानात येऊ नये, म्हणून ती पेरलेली असतात. इतकी काळजी घेऊनही आमच्या सर्वांत चांगल्या चढाईपटूने छातीची धडधड, पोटातली कालवाकालव यांपुढे ‘क्वचितच’वर खूण केली. कागदावर ती संघातली सर्वांत शांत मुलगी ठरली. हीच मुलगी सामन्यात चढाईची पाळी येण्याआधी तळहात पुन्हा पुन्हा चड्डीला पुसते, चढाई ग्राह्य ठरवणारी ‘निदान रेषा’ कशीबशी ओलांडते आणि रिकामी परत येते. सरावात मात्र तिचा पाय त्याहून पुढच्या बोनस रेषेपलीकडे इतक्या सहज पडतो की कोपरारक्षक बघत राहतात.

आपले एसटीतले भांडण आठवते ना? प्रेक्षक असले की खेळ खुलतो, हे तुझे म्हणणे. बिघडतो, हे माझे. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी 1898 मध्ये सायकलपटूंच्या वेळा तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजण्यापेक्षा इतरांच्या सोबतीने माणूस जोरात सायकल चालवतो असे त्यांना दिसले. पण मुलांना मासेमारीच्या गळाचे चाक फिरवायला लावल्यावर काही मुले उत्तेजित होऊन उलट मंदावली. झायोंक यांनी 1965 मध्ये त्याची उकल केली: माणसे जवळ असली की अंगवळणी पडलेली हालचाल जोर धरते, म्हणून पक्के येते ते सुधारते आणि कच्चे असते ते बिघडते. तेव्हा तुझी पकड गर्दीत घट्ट व्हायची, हे मला आता मान्य आहे; माझी नवी उडी गर्दीत फसायची, हे तूही मान्य कर.

पण या मुलीची चढाई तर पक्की आहे, मग ती का बिघडावी? कॉट्रेल आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये डोळे बांधलेले प्रेक्षक बसवून पाहिले, तेव्हा त्यांच्या नुसत्या उपस्थितीचा तसा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ मी असा घेतो की नुसती माणसे नव्हेत, तर पारख करणारी नजर माणसाला जड जाते. सरावातही मी गुण टिपायची वही उघडली की तिचा पाय आखडतो, हे मी पाहिले आहे. एवढ्यावरून सिद्ध काहीच होत नाही, पण संघ मी निवडतो आणि भीतीबद्दल विचारणाराही मीच, तेव्हा तिने मला खरे कसे सांगावे? तुझ्या पायात गोळे येत होते, ते तू सरांना कधी सांगितलेस? आपल्या सगळ्यांना ते ठाऊक होते, एका सरांना सोडून.

मार्गदर्शक म्हणतात की प्रश्नावली प्रमाणित आहे, आता गुणांचा सहसंबंध काढा आणि पुढे चला. मला ते पटत नाही. चाचणी कितीही विश्वसनीय असली, तरी ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते याचा उत्तरांवर परिणाम होतोच, आणि सहसंबंधावरून कारण कळत नाही ते वेगळेच.

म्हणून विनंती अशी की तू दोन दिवसांसाठी ये. पालकांची लेखी संमती मी घेऊन ठेवतो. प्रश्नावली पुन्हा तू भरून घे, नावांऐवजी क्रमांक घाल, आणि मुलाखतीही तूच घे. प्रश्नांचा आराखडा पाठवतो, पण मुलगी दुसरीकडे वळली तर वळू दे. कागद हंगाम संपेपर्यंत तुझ्याकडेच ठेव. तू असशील त्या दोन दिवसांत मी मैदानाच्या आसपासही फिरकणार नाही.

धाकट्याच्या प्रवेशाचे काय झाले? काकूंचे डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले ना? वहिनींना नमस्कार सांग. जिल्हा स्पर्धेच्या आधीचा कोणताही रविवार चालेल. कोणत्या गाडीने येतोस ते कळव, म्हणजे स्टँडवर येतो.

तुझा,
बापू