तोंडात त्रेसष्ट, पडद्यावर छत्तीस

महोदय,

माझा नातू चौथीत आहे. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात त्याला 'पाढे कच्चे' असा शेरा मिळाला. मला नवलच वाटले, कारण रोज संध्याकाळी दिवेलागणीला तो माझ्यापुढे बसून पंधरापर्यंतचे पाढे न अडखळता म्हणतो. चौकशी केली तेव्हा कळले, की यंदा पाढ्यांची तोंडी परीक्षा झालीच नाही. संगणकाच्या तासाला 'टक्समॅथ' नावाच्या खेळात किती गुण पडले, त्यावरून शेरे लिहिले गेले. शाळेचे नाव लिहीत नाही, बाईंचा हेतू चांगलाच होता.

खेळाला माझा विरोध नाही. तो फुकट मिळतो, जुन्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतो. वरून धूमकेतू पडत असतात, त्यांच्यावर गणिते. खाली पेंग्विनांची बर्फाची घरे. उत्तर टाइप करून एंटर दाबले की धूमकेतू फुटतो, नाहीतर घर वितळते. माझी हयात बार्शीला आडतीच्या दुकानात हिशेब लिहिण्यात गेली. दिडकी, अडीचकी, औटकी (दीड, अडीच, साडेतीनचे पाढे) तोंडपाठ असल्याशिवाय तिथे कुणी उभे करत नसे. आणि गिऱ्हाईक काही ओळीने विचारत नाही. 'सात नवे' विचारले तर 'सात एके सात'पासून जिना चढत बसायला वेळ नसतो. ही सवय हा खेळ छान लावतो, आमच्या घोकंपट्टीने ती लागत नव्हती.

मग बिघडते कुठे? ते बघायला मी नातवाशेजारी बसलो. पडद्यावर ७ × ९ आले. पोरगा मोठ्याने म्हणाला, "त्रेसष्ट!" आणि बोट पडले आधी ३ वर, मग ६ वर. छत्तीस! घर गेले. आपल्या भाषेत एकक आधी बोलतो, दशक मागून येतो. यंत्राला दशक आधी हवा. (६ आणि ३ समोरासमोर बसायचे, ते पाठ फिरवून बसले.) वहीत लिहिताना पोरगा क्षणभर थांबून जागा बघतो. डोक्यावर धूमकेतू आल्यावर कसला थांबतोय! एकोणपन्नासला तर आणखी गंमत. कानात 'पन्नास' असल्याने बोट थेट ५ वर.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन' असे संख्यावाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. हसणाऱ्यांत मीही होतो. त्रेसष्ट, छप्पन्न, एकोणपन्नास हे शब्द जाऊ नयेत असे मला आजही वाटते. पण त्या पुस्तकवाल्यांना कोणती अडचण दिसत होती, ती मला नातवाच्या बोटात दिसली.

शिक्षकांना विनंती एवढीच, की खेळ खेळू द्या, पण त्यातल्या गुणांवरून पाढ्यांचे शेरे लिहू नका. दोन-दोन मुले बसवा, एकाने उत्तर बोलावे, दुसऱ्याने टाइप करावे. चूक पाढ्यात आहे की बोटात, ते लगेच कळेल. आणि संगणक जाणणाऱ्या आपल्या तरुणांपैकी कुणी 'त्रेसष्ट' कानाने ऐकून धूमकेतू फोडणारा मराठी खेळ केला, तर फारच बरे.

तोवर घरी आमचा उपाय चालू आहे. आधी 'त्रेसष्ट' म्हणायचे, मग 'साठ आणि तीन', मग बोट टेकवायचे. आठवडाभरात बरीच घरे शाबूत राहू लागली आहेत. एकोणपन्नासला मात्र अजून एखादे जातेच.

आपला,
एक आजोबा, बार्शी