न फवारलेल्या ओळी आधी बघा

प्रति,
माननीय प्रशासक,
पर्यावरण संरक्षण संस्था, अमेरिका

महोदय,

नॉर्थ डकोटातल्या सेंट थॉमस परिसरात शुगरबीटच्या (साखरेसाठी लावतात ते बीट) मुळांवरच्या अळीसाठी कीटकनाशकांच्या चाचण्या होतात. ही अळी म्हणजे एका माशीचं पिल्लू. सहा ओळींचा, 35 फूट लांबीचा प्लॉट, प्रत्येक औषधाचे असे चार. त्यांच्यात अधूनमधून औषधाचा थेंबही न पडलेले प्लॉट. उन्हाळ्यात प्रत्येक प्लॉटमधले दहा कंद उपटून हाताने धुतात आणि 0 ते 9 गुण देतात. 0 म्हणजे एकही ओरखडा नाही, 9 म्हणजे पाऊण भागाहून जास्त कंद काळा. इथे जास्त गुण मिळवणारा नापास! न फवारलेला कंद कितीही घासला तरी काळाच राहतो.

या अळीवर वापरल्या जाणाऱ्या क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा अंश अन्नात राहू देण्याची सगळी परवानगी आपल्या संस्थेने ऑगस्ट 2021 मध्ये काढून घेतली. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मग डिसेंबर 2024 मध्ये फक्त 11 पिकांपुरती परवानगी ठेवण्याचा प्रस्ताव आला. त्यात शुगरबीट आहे. लहान मुलांच्या मेंदूवर या औषधाचा परिणाम होण्याची भीती मला पटते, त्यामुळे ते कायम राहावं असा माझा हट्ट नाही. पण दरवेळी बंदीची तारीख आधी ठरते आणि पर्याय मागाहून शोधायला लागतात, याला काय म्हणायचं?

पेरणीबरोबर टर्बुफॉस हे दाणेदार कीटकनाशक टाकलं किंवा बियाण्याला औषधाचा लेप दिला, तरी माशी फार असली की तेवढ्यावर भागत नाही. जूनमध्ये माशा शिगेला पोचण्याच्या दोन-तीन दिवस आधी फवारणीचा दुसरा हात द्यावा लागतो. क्लोरपायरीफॉसची गरज तिथे पडते. त्याच्या जागी जे येईल, ते त्याच दोन-तीन दिवसांत, माशांनी भरलेल्या शेतात उतरवून बघायला हवं. माशी कमी असलेल्या वर्षी कुठलंही औषध गुणकारी ठरतं, आणि तेच आकडे पुढे टेबलावर येतात.

म्हणून मागणी एवढीच: पर्यायाला मान्यता देताना जास्त माशीच्या भागातल्या किमान तीन हंगामांच्या चाचण्या मागा. शेजारच्या न फवारलेल्या प्लॉटचे गुण त्याच तक्त्यात छापा, फसलेल्या औषधांचेही. आणि या चाचण्यांचा खर्च औषध विकणाऱ्यांवर सोडू नका.

आपला,
बीट धुऊन गुण देणारा एक हंगामी मदतनीस