तेविसावी खेळी

सांगली, रविवार रात्र

चि. मैथिली हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू बुद्धिबळाचा डाव हरलीस, तेव्हा फोनवर मी पहिलाच प्रश्न ‘तेविसाव्या खेळीला जी-४ का खेळलीस?’ असा विचारला आणि तू फोन ठेवलास, ते योग्यच झाले. हरून आलेल्या मुलीला आधी जेवलीस का म्हणून विचारायचे असते, हे तुझ्या आईने मला रात्री दोनदा ऐकवले. म्हणून त्या खेळीविषयी आज काही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

सुरुवात तू फार सुरेख केलीस. डी-४, डी-५, सी-४, ई-६ असा वजिराचा गँबिट, मग मध्यावर प्याद्यांची अदलाबदल, आणि नंतर बी-पट्टीवरचे प्यादे रेटत नेऊन तू प्रतिस्पर्ध्याच्या सी-६ वर कायमचे दुबळे प्यादे उरवलेस. आता सी-पट्टीवर दोन्ही हत्ती आणून त्या प्याद्यावर दाब ठेवायचा, म्हणजे त्याची मोहरी राखणीतच अडकून पडली असती. त्याऐवजी तू स्वतःच्याच राजापुढचे प्यादे जी-४ वर ढकललेस, आणि तेही घड्याळात ४१ मिनिटे शिल्लक असताना. पाहा, लिहिलेच. क्षमा कर.

आबांनी १९७२ च्या रिकाविकच्या, फिशर आणि स्पास्की यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचे डाव वहीत उतरवले होते. सहाव्या डावात फिशरने सी-४ ने सुरुवात करून वजिराचा गँबिट मांडला, स्पास्कीच्या मधल्या प्याद्यांवर आधी दाब आणला आणि मगच राजाकडे मोर्चा वळवला. हरल्यावर स्पास्कीने टाळ्या वाजवल्या, या वाक्याखाली आबांच्या दोन रेघा आहेत. त्या फिशरसाठी ओढल्या असाव्यात, असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. तू सात वर्षांची असताना घोडा गेला म्हणून पलंगाखाली जाऊन बसलीस, तेव्हा पटच आत सरकवणारे आबाच होते.

खरे तर तुझी घाई मला फक्त पटावरची वाटत नाही. गणपतीत मी खर्चाचा हिशेब तुझ्यासमोर मांडला, तेव्हापासून तू प्रत्येक डाव लवकर संपवायला बघतेस, अशी शंका मला छळते. तसे असेल, तर तो हिशेब मी काढायलाच नको होता. चौथ्या फेरीतला तुझा हत्तींचा शेवट मी तीन जणांना दाखवला, हे मात्र तुला सांगायचे राहिले.

मंगळवारी तुला काळ्या मोहऱ्यांनी खेळायचे आहे. मी चाली पाहणार नाही, निकाल आईकडून कळेल. आबांची वही बॅगेच्या खालच्या कप्प्यात ठेवली आहे, मिळाली का ते कळव.

४१ मिनिटे होती गं.

तुझा,
बाबा