काका, तुमच्या त्या एका फाइलबद्दल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आता काय बदलायचा तो बदला.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याने परवा आमची स्क्रीन पास केली. काम म्हटलं तर साधं होतं. भट्टीचं तापमान दर सेकंदाला नोंदवलं जातं, म्हणजे दिवसाच्या ८६,४०० नोंदी. त्या ब्राउझरमध्ये एका रेषेत दाखवायच्या. पण ती रेषा काढणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, कोणता घ्यावा, हे विचारायला मी ज्यांच्या दारी गेले, त्यांनी केलेली करमणूक मी इतक्यात विसरणार नाही.

एका सल्लागाराने रोख पैसे मोजून घेतले आणि तुलनेचा तक्ता पाठवला. प्रोग्रामर कोड ठेवतात त्या गिटहबवर कोणाला किती तारे, कोणाचं ॲनिमेशन देखणं, कोणाकडे थ्रीडी पाय चार्ट. भट्टीच्या तापमानाचा पाय चार्ट! दुसऱ्या गृहस्थांनी ‘डी३ शिका, बाकी सगळा पोरखेळ’ एवढं ऐकवून फोन ठेवला. माइक बोस्टॉक यांचं २०११ सालचं डी३ थोरच आहे, कोण नाही म्हणतंय? पण ते तयार ग्राफ हातात देत नाही, ग्राफ घडवायची हत्यारं देतं, आणि आमच्या दोन माणसांच्या ऑफिसात घडवत बसायला सवड कोणाला होती? तिसऱ्यांचं म्हणणं, ‘तुमच्यासारख्यांनी गूगल चार्ट्स वापरावं, फुकट असतं.’ ते गूगलच्याच सर्व्हरवरून लोड व्हावं लागतं आणि त्या भट्टीजवळच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, हे मी सांगेपर्यंत त्यांचं लक्ष उडालं होतं. ‘तुमच्यासारख्यांनी’ म्हणजे कशांनी, ते विचारायचं राहूनच गेलं.

तुम्हाला तर मी विचारलंही नव्हतं. सुरसागर तलावाच्या कठड्याशी सहज गाठ पडली, तुम्ही ‘चेहरा का उतरलाय’ म्हणालात आणि मी सगळं ओकून टाकलं. जावास्क्रिप्टशी तुमचा संबंध नाही. आयुष्यभर कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंट्सची देखभाल केलीत. सगळं ऐकून घेऊन तुम्ही एकच विचारलंत: ‘पण बघणारा त्या रेषेत शोधतो काय?’ तोपर्यंत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, काका. तक्ता पाठवणाऱ्यानेही नाही.

आणि त्या रात्री ती फाइल आली. नाव ‘खडा’. एक्सेलमध्ये ८६,४०० ओळी, सगळ्या ८५० अंशांच्या आसपास थरथरणाऱ्या, आणि त्यात कुठेतरी एकच ओळ १००० ची. खाली निरोप: ‘यातला खडा जिच्यात दिसेल ती घे.’

मला अजून त्या फाइलचं नवल वाटतं. आकडे थरथरले पाहिजेत, नाहीतर परीक्षा खोटी ठरेल, हे तुम्हाला सुचलं. सूत्र लावलंत, ओळी मोजल्यात, मग खडा कुठे दडवावा याचा विचार केलात. तो मला सापडला रात्री ३ वाजून १७ मिनिटांना, म्हणजे रात्रपाळीवाला हमखास पेंगतो त्या वेळेला. चष्मा पुसत, काकूंची बोलणी खात तुम्ही हे करत बसला असणार. कोणासाठी? वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीसाठी. अमुक घे, तमुक नको, असं एका शब्दाने म्हणाला नाहीत. माझं मला दिसेल अशी सोय करून दिलीत.

निकाल लगेच लागला. स्क्रीनवर ग्राफ १,२०० पिक्सेल रुंद, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला ७२ नोंदी. त्यांची सरासरी काढून रेषा ओढली की दीडशे अंशांची उडी जेमतेम दोन अंशांची उरते; खडा गडप! रेषा मात्र अशी गुळगुळीत की ग्राहक खूश होऊन सही करेल. एसव्हीजीवर, म्हणजे सुटे घटक जोडून चित्र काढायच्या पद्धतीवर, चालणाऱ्या ज्या लायब्रऱ्या प्रत्येक ठिपक्याचा वेगळा घटक करतात, तिथे ब्राउझरलाच धाप लागली. हायचार्ट्सला ते जमतं, पण धंद्यासाठी वापरायचं तर परवाना विकत घ्यावा लागतो. शेवटी चार्ट जेएस घेतली: कॅनव्हासवर, म्हणजे सगळं एकाच चित्रात, काढते, नोंदी कमी करताना त्या-त्या तुकड्यातली सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची राखते, आणि परवाना एमआयटीचा, म्हणजे धंद्यासाठीही फुकट. खडा सुळक्यासारखा उभा राहिला.

नंतर तुम्ही माळ्यावरून त्या जुन्या गोल कागदी चकत्या काढून दाखवल्यात, चोवीस तासांत एक फेरा घेणाऱ्या. शाईच्या पेनाने काढलेल्या रेषेत मधेच उठलेला एक काटा. ‘तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची तार सैल झाली की असं होतं. पेनाला सरासरी येत नाही गं,’ म्हणालात. आमच्या धंद्यातल्या हुशार माणसांना ती फार लवकर येते.

बडोद्यात हुशारीला तोटा नाही. सेव-उसळीच्या गाडीवरसुद्धा कोणी ना कोणी तुम्हाला ‘आर्किटेक्चर’ समजावून सांगतो. पण मदत करताना समोरच्याला लहान न करणारी माणसं मला क्वचितच भेटली. ती बोलतात कमी, ऐकतात जास्त, आणि काम झालं की हिशेब विचारत नाहीत. तुम्ही मानधन घ्यायचं नाकारलंत, वर ‘वेळ बरा गेला’ म्हणालात. बरं. लीलो चेवडा काकूंकडे देऊन ठेवलाय, तो मानधन नव्हे, त्यामुळे परत पाठवू नये.

कारखान्याला आता बॉयलरच्या दाबाचाही ग्राफ हवा आहे. तिथे उडी महत्त्वाची की हळूहळू होणारी घसरण, हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय. रविवारी सकाळी खाली येते. फाइल करणार असाल तर या वेळी दोन खडे टाका, आणि काकूंना आधी सांगून ठेवा.

आपली,
वरच्या मजल्यावरची
दांडिया बाजार, बडोदे