स्टेपनी गेली, पण तिच्याविना घाटात काय करायचे, हे ग्राहकाला कोणी सांगायचे?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात मी, माझी पत्नी आणि ऐंशी वर्षांची आई असे तिघे पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावकडे निघालो होतो. मुळशीचा जलाशय मागे पडला आणि घाट उतरायला लागण्याच्या थोडे अलीकडे, पावसाने खचलेल्या डांबराच्या धारेवर गाडीचे पुढचे डावे चाक आपटले. दहा-बारा हात पुढे जाईपर्यंत टायर पूर्ण बसला. गाडी डावीकडे घेतली, धोक्याचे दिवे लावले, डिकीतले सामान भर पावसात खाली उतरवले आणि डिकीची चटई उचलली. स्टेपनी असायला हवी त्या जागी थर्माकोलचा साचा होता, त्यात पांढऱ्या द्रवाची एक बाटली आणि हवा भरण्याचा लहानसा पंप. स्टेपनी नव्हती, जॅक नव्हता, पानाही नव्हता. गाडी घेऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती आणि चटईखाली काय आहे, हे आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिले. गाडी ताब्यात देताना पेढे आणि हार मिळाले, किल्ल्यांसह फोटो काढला गेला. पण या गाडीत पाचवे चाक नाही, एवढे एक वाक्य कोणी उच्चारले नाही.

बाटलीवरच्या सूचना वाचून तो द्रव टायरमध्ये भरला. टायरची कड दोन बोटे फाटलेली होती, त्यामुळे सगळा द्रव तेथून गळून रस्त्यावर आला. मोबाइलला रेंज नव्हती. एसटीच्या एका चालकाने आपण होऊन बस थांबवली आणि वाहकाने आई व पत्नीला माणगावपर्यंत नेले. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. एका टेम्पोवाल्याकडे जॅक मिळाला, पण त्याचा पाना माझ्या गाडीच्या नटांना बसेना. मी चालत चढावर गेलो तेव्हा रेंज आली आणि विम्यासोबत घेतलेल्या रस्त्यावरील मदतीच्या क्रमांकावर फोन लागला. गाडी उचलून नेणारे वाहन पुण्याहून येईल आणि त्याला किमान चार तास लागतील, असे उत्तर मिळाले. शेवटी जवळच्या वाडीतल्या एका तरुण जीपचालकाने आपला पाना आणून चाक काढून दिले, गाडीखाली दगड रचले आणि मला चाकासह माणगावला नेले. त्या मापाचा टायर तिसऱ्या दुकानात मिळाला. आम्ही गाडीपाशी परतलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की, यात कोणी नियम मोडलेला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचे किट असेल, तर स्टेपनी देण्याचे बंधन तेव्हापासून उरले नाही. वाचलेल्या जागेत विजेवरच्या गाड्यांना मोठी बॅटरी बसवता येईल, हे त्या वेळी दिलेले एक कारण होते. ते खोटे नाही. शहरात रोज वीस-तीस किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला दर चौकात पंक्चरवाला मिळतो, आणि बहुतेक पंक्चरे रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा किंवा स्क्रू घुसूनच होतात. पंक्चर झाल्यावर ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जाते, हेही खरे आहे. त्यामुळे स्टेपनी काढून टाकण्याचा निर्णय मुळातच चुकला, असे माझे म्हणणे नाही. तो ज्याच्या जिवाशी निगडित आहे त्या ग्राहकाला तो सांगितला गेला नाही आणि ज्या रस्त्यांवर त्याचे परिणाम भोगावे लागतात ते रस्ते त्यासाठी सज्ज केले गेले नाहीत, ही माझी तक्रार आहे.

येथे ‘स्टेपनी’ या शब्दाचा इतिहास आठवतो. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसेच. टायर बसला की चालक रस्त्याकडेला बसून तो दुरुस्त करत असे. वेल्समधील लॅनेली या गावात, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर व्यवसाय करणाऱ्या वॉल्टर आणि टॉम डेव्हिस या भावांनी १९०४ च्या सुमारास बसलेल्या चाकावर बाहेरून अडकवता येईल असे जादा चाक विकायला सुरुवात केली. त्या रस्त्याचे नाव त्या चाकाला मिळाले आणि चाकाबरोबर ते आपल्या गॅरेजांतही पोचले. माणसे वाटेत अडकून पडत, म्हणून ही वस्तू जन्माला आली. आज ती काढून घेताना ते अडकून पडणे खरोखर संपले आहे का, हे आपल्या रस्त्यांकडे पाहून ठरायला हवे.

दुरुस्ती किटविषयी लोकांत फार गैरसमज आहेत, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. या किटमधला द्रव टायरच्या आत पसरून लहान छिद्र बुजवतो. छिद्र रस्त्याला टेकणाऱ्या भागात आणि चारेक मिलीमीटरचे, काही किटच्या बाबतीत फार तर सहा मिलीमीटरचे असेल, तरच तो चालतो. टायरची कड कापली गेली असेल, टायर फुटला असेल किंवा खड्ड्याने लोखंडी रीमच वाकली असेल, तर या किटचा काडीचाही उपयोग नाही. आपल्या घाटांत आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर नेमके हेच प्रकार अधिक होतात. हवा गेलेल्या चाकावर ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ म्हणून गाडी रेटली, तर रीमच्या दाबाने टायरची कड आतून चिरडते आणि साध्या खिळ्याचे पंक्चरही दुरुस्त होण्यापलीकडे जाते. म्हणून सुरक्षित जागा मिळताच थांबावे, टायरमध्ये घुसलेला खिळा उपसू नये, कारण बऱ्याचदा तोच उरलेली हवा धरून ठेवतो, आणि आधी फक्त पंपाने हवा भरून ती किती वेळ टिकते ते पाहावे. गळती संथ असेल तर दर काही किलोमीटरला हवा भरत, बाटली न फोडताही, गावापर्यंत पोचता येते. द्रव भरावाच लागला, तर योग्य दाबापर्यंत हवा भरून लगेच काही किलोमीटर सावकाश गाडी चालवावी म्हणजे तो टायरभर पसरतो. मग थांबून दाब पुन्हा मोजावा. दाब पुस्तिकेतल्या मर्यादेखाली उतरला असेल, तर पुढे एक पाऊलही जाऊ नये. तो टिकला असेल, तरी ताशी ८० किलोमीटरच्या वर वेग नेऊ नये आणि थेट टायरवाल्याकडे जावे. टायरमध्ये द्रव भरला आहे, हे त्याला आधी सांगावे. तो आतून धुऊन काढावा लागतो, नाहीतर दाब मोजणारा संवेदक बिघडू शकतो. त्या बाटलीला औषधाप्रमाणे मुदत असते आणि ती एकदाच वापरता येते, हे आमच्या ओळखीच्या दहा गाडीवाल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. वापरलेली गाडी विकत घेणाऱ्याने तर बाटली जागेवर आहे का आणि तिची मुदत संपली आहे का, हे इंजिन पाहण्याआधी पाहावे.

गाडी थांबल्यावर माणसांचा जीव आधी, टायर नंतर, हेही नमूद करायला हवे. वळणाच्या लगेच पुढे थांबू नये, धोक्याचा त्रिकोण मागे भरपूर अंतरावर ठेवावा आणि सर्वांना गाडीतून उतरवून रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभे करावे. द्रुतगती मार्गावर मागून येणाऱ्या ट्रकचालकाला कडेला उभी असलेली गाडी चालती वाटते आणि अंधारात ही चूक जिवावर बेतते. राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ या क्रमांकावर आणि अन्यत्र धोका वाटल्यास ११२ वर फोन करावा. गाडी उचलून न्यायची वेळ आलीच, तर विजेवरच्या गाडीसाठी चारही चाके वर घेणारे सपाट फळीचे वाहनच मागवावे. फिरणारी चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास मोटर बिघडू शकते.

आता आपल्या राज्यातल्या रस्त्यांकडे पाहू. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे, दोन्ही बाजूंना कुंपण आहे आणि दुचाकीला प्रवेश नाही. वेगाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु खेड्यातला पंक्चरवाला पंप आणि किट घेऊन येतो तो मोटरसायकलवरूनच, आणि त्या मार्गावर तो येऊच शकत नाही, ही साधी गोष्ट नियोजनात कोणी लक्षात घेतलेली दिसत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही हीच स्थिती आहे, फक्त तेथे अंतर कमी आणि गस्तीची वाहने तुलनेने जवळ असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धीवर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात काँक्रीटच्या भेगा भरण्यासाठी बसवलेल्या नळ्यांवरून जाऊन काही गाड्यांचे टायर रात्री पंक्चर झाले, हे वाचकांना आठवत असेल. त्या रात्री ज्यांच्या डिकीत स्टेपनी होती आणि ज्यांच्या नव्हती, त्यांच्या प्रवासात किती फरक पडला असेल, याचा विचार परिवहन खात्याने करावा. याच खात्याने या महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर झिजलेले टायर तपासून गाड्या परत पाठवल्याचे आपण पाहिले आहे. ते पाऊल स्वागतार्ह होते. तेथेच स्टेपनी किंवा चालू स्थितीतले किट आहे का, एवढे विचारायला अर्धे मिनिट पुरते.

आणखी एक प्रकार मला अधिक गंभीर वाटतो. बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेल्या असंख्य गाड्यांत टाकीने डिकी व्यापली जाते आणि सामानासाठी जागा व्हावी म्हणून मालक स्टेपनी घरी काढून ठेवतात. या गाड्यांपैकी अनेकींत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा नसते आणि दुरुस्तीचे किटही नसते. नियमातली सूट ज्या अटींवर दिली आहे, त्या सगळ्या अटी तेथे पूर्ण होत नाहीत. स्टेपनी नसलेल्या नव्या गाड्या पाहून ‘आता स्टेपनी लागतच नाही’ असा समज पसरला आहे आणि त्याची किंमत अशी कुटुंबे रात्री-अपरात्री रस्त्यावर मोजत आहेत.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. गाडीच्या किंमतपत्रकावर, विम्याच्या रकमेइतक्याच ठळक अक्षरांत, ‘या गाडीत स्टेपनी नाही’ असे मराठीत छापलेले असावे आणि त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी. गाडी ताब्यात देताना किट प्रत्यक्ष उघडून, पंप जोडून दाखवावा. ज्याला स्टेपनी हवी असेल त्याला ती जॅक आणि पान्यासह वाजवी दरात मिळावी आणि ती बसेल अशी जागा ज्या मॉडेलात ठेवता येते तेथे ती ठेवावी. समृद्धी महामार्गावर ठरावीक अंतराने, चोवीस तास, टायर बदलून देणारी फिरती वाहने असावीत आणि त्यांचा क्रमांक दर काही किलोमीटरच्या फलकावर असावा. ताम्हिणी, वरंध, आंबा, फोंडा अशा घाटांच्या दोन्ही टोकांना पंक्चरच्या दुकानांचे फलक लावणे तर सार्वजनिक बांधकाम खात्याला एका आठवड्यात शक्य आहे. जेथे रेंज नाही तेथे फलकावरचा नंबर वाचून उपयोग नसतो, म्हणून त्यावर ‘पुढचे दुकान इतक्या किलोमीटरवर’ हेही लिहिलेले असावे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. गणेशोत्सवात पुण्या-मुंबईहून लाखो माणसे कोकणात जातात आणि त्यांत स्टेपनी नसलेल्या गाड्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे. आपले वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावरच्या आणि घाटवाटांवरच्या पंक्चर दुकानांची, ती रात्री किती वाजेपर्यंत उघडी असतात या माहितीसह, गावनिहाय यादी आपण छापावी. तो कागद कापून गाडीत ठेवता येईल आणि त्याला रेंज लागणार नाही. ताम्हिणीच्या पायथ्याची माहिती गोळा करून आपल्या वार्ताहराला देण्याचे काम मी आनंदाने करीन. त्या जीपचालकाच्या वाडीत मला तसेही पुन्हा जायचे आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
कोथरूड, पुणे